ग्राँ त्रियानाँची कोतेल गॅलरी : राजाच्या बागेतले पाणी, चित्रातले आणि खरे

लेकीच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक छापील चित्र टांगलेले आहे. पिएर-देनी मार्तँ नावाच्या चित्रकाराचे, १७१३ मधल्या व्हर्सायचे. पुढे अपोलोचे कुंड, त्याच्यामागे थेट क्षितिजापर्यंत गेलेला मोठा कालवा, दोन्ही अंगांना झाडांच्या भिंती आणि वर भरपूर आकाश. जूनमध्ये मी आणि माझी थोरली बहीण तिच्याकडे पॅरिसजवळ राहायला गेलो, तेव्हा तीन आठवडे रोज सकाळचा चहा या चित्रासमोर झाला. ताईने मिरजेला मुलींच्या शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या किती मुली तिच्या हाताखालून गेल्या, त्याची गणती नाही. मी सांगलीत पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आयुष्य काढले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे एकाच चित्रात ती आकाश बघायची आणि मी पाणी. "एवढं पाणी यांनी आणलं कुठून?" हा माझा पहिल्याच दिवशीचा प्रश्न. ताईचा वेगळा. "पाणी असं निजवून ठेवलंय, तरी नजर एवढी लांब कशी गेली गं?"

व्हर्साय मी आधी पाहिले होते, म्हणजे पाहिले असे म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी एका प्रवासी कंपनीबरोबर आलो होतो. अडीच तास दिले होते. आरसेमहालात धक्के खात पुढे सरकलो, गच्चीवरून बागेचे फोटो काढले आणि झेंडेवाल्याच्या मागे धावत बस गाठली. ग्राँ त्रियानाँ हे बागेच्या टोकाच्या वाड्याचे नावसुद्धा त्या दिवशी कानावर पडले नाही. म्हणून हे सगळे लिहायला बसले आहे. ज्यांना चित्रे आवडतात, बागा आवडतात किंवा माझ्यासारखे ज्यांचे आयुष्य नळ्या आणि दाब यांत गेले आहे, त्यांनी व्हर्सायचा एक अख्खा दिवस त्रियानाँ आणि कालवा यांनाच द्यावा. राजवाडा दुसऱ्या दिवशी पाहा, नाहीतर राहू द्या.

आधी जाण्याचे सांगते. त्रियानाँ दुपारी १२ ला उघडते आणि सोमवारी बंद असते. सकाळी लवकर पोचून दारात उभे राहू नका. आम्ही पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून व्हर्साय रीव्ह द्रुआतची गाडी पकडली. तिथून राजवाड्याच्या गर्दीत न शिरता बुलव्हार द ला रेन या सरळ रस्त्याने चालत गेलो. पार्कच्या राणीच्या फाटकातून आत जायला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. ताईच्या गुडघ्यांनी आम्हाला चाळीस मिनिटे लागली. तरणी माणसे अर्ध्या तासात पोचतील. रस्ता सपाट आहे, सावली आहे. त्रियानाँचे तिकीट वेगळे काढता येते. दर सारखे बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

ग्राँ त्रियानाँ म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने दरबारच्या गलबल्यापासून लांब, बागेच्या टोकाला बांधलेला एकमजली वाडा. मांसार या वास्तुकाराने तो १६८७ मध्ये उभा केला. गुलाबी संगमरवराचे खांब, मधून आरपार दिसणारी बाग. वर चढायला जिने नाहीत, हे ताईला फार आवडले. एक एक दालन ओलांडत गेले की शेवटी तुम्ही एका लांबलचक खोलीत येता. एका अंगाला उंच खिडक्यांची ओळ, त्यांतून फुलांचे ताटवे दिसतात, आणि भिंतींवर चित्रे. हीच कोतेल गॅलरी. एकूण २४ चित्रे आहेत. त्यांतली २१ जाँ कोतेलची, दोन एतिएन आलग्रँची आणि एक जाँ-बाप्तिस्त मार्तँचे (लेकीच्या भिंतीवरचा मार्तँ तो वेगळा). सगळी व्हर्साय आणि त्रियानाँच्या बागांची. मोठी डागडुजी होऊन गॅलरी २०१८ मध्ये पुन्हा उघडली, त्यामुळे रंग आता स्वच्छ, उघडे दिसतात.

मला आधी खोलीचाच अचंबा वाटला. राजाने बागेत वाडा बांधला, वाड्याच्या खिडक्यांतून बाग दिसते, आणि त्या खिडक्यांच्या समोर भिंतीवर पुन्हा बागेचीच चित्रे. थंडीत कारंजी बंद, झाडे उघडी पडलेली, तरी इथे वर्षभर पाणी उडते आहे आणि पाने हिरवी आहेत. ही लांब खोली मुळात ताटव्यांना गार वाऱ्याचा आडोसा व्हावी म्हणून बांधली होती, असे लेकीने वाचून सांगितले. बाहेर आडोसा, आत कायमचा उन्हाळा.

दुपारी खिडक्यांचा उजेड चित्रांच्या वॉर्निशवर चमकतो. समोर उभे राहिलात तर स्वतःची सावलीच दिसेल. ताईने लगेच जागा शोधली. चित्राच्या डाव्या कडेला, दोन पावले मागे, मान थोडी कलती. तिथून पाणी दिसायला लागते. आम्ही प्रत्येक चित्राला अशीच जागा शोधत गेलो आणि दीड तास कुठे गेला कळले नाही. आरसेमहालात मुंगीला जागा नसते. इथे त्या दीड तासात आमच्याजवळून शंभरेक माणसे गेली असतील, तीही चालता चालता.

कोतेल बारीक कामाचा माणूस. गुआशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या दाट रंगात, लहान चित्रे काढण्यात त्याचा हात बसलेला होता, आणि ते इथे माणसाएवढ्या कॅनव्हासवरही कळते. लांबून बघावे तर मोठा देखावा. जवळ गेलात तर कुंपणाच्या जाळीची एक एक पट्टी आणि पाण्याचा एक एक तुषार सुटा काढलेला. चित्राचा बांधा बहुतेक ठिकाणी एकच आहे. पुढे देवदेवता आणि अप्सरांचा मेळा, मध्ये कारंजे, मागे झाडांची गर्द भिंत, वर ढग. ताई म्हणाली, "पुढची माणसं झाकून बघ." मी हात आडवा धरला. हात धरल्यावर उरला तो जवळजवळ नकाशा होता. कुठे पायऱ्या, कुठे काठ, किती फवारे, कोणत्या कोनात. हा माणूस देवांना हवे तिथे बसवतो, पण तोटीची जागा बदलत नाही.

हे तीन कारंज्यांच्या उपवनाच्या चित्रात सर्वात छान दिसते. उतारावर तीन पातळ्या केल्या आहेत. खाली अष्टकोनी कुंड, मध्ये चौकोनी, वर गोल. एकही पुतळा नाही. सगळी करामत नुसत्या पाण्याच्या आकारांची आहे. काही फवारे कमानी करतात, काही एकत्र उभे राहून खांब होतात. फवाऱ्याची उंची त्याच्या मागच्या पाण्याच्या पातळीवर ठरते. तोटी किती रुंद, नळी किती लांब, मध्ये वळणे किती, यावर त्यातले किती घटते ते ठरते. कमानी करायच्या तर दोन्ही बाजूंच्या तोट्यांना सारखाच दाब मिळाला पाहिजे, नाहीतर एक कमान लंगडी पडते. मी नोकरीत असताना एका गावच्या चौकातल्या कारंज्याची कमान सारखी करायला आम्ही चार दिवस झटलो होतो. कोतेलच्या चित्रातल्या कमानी जुळ्या आहेत. ते उपवन पुढे नाहीसे झाले होते. २००४ मध्ये ते पुन्हा उभे केले, आणि ते कसे होते हे सांगणाऱ्या जुन्या गोष्टींत हे चित्रही आहे.

काही उपवने मात्र आता फक्त इथेच उरली आहेत. दलदलीचे उपवन म्हणून एक होते. त्यात मधोमध धातूचे झाड, आणि त्याच्या पत्र्याच्या पानांच्या टोकांतून पाणी उडायचे. ते १७०४ मध्ये मोडले. कोतेलच्या चित्रात त्याच्याभोवती अप्सरा खेळ मांडून बसल्या आहेत. ताई या चित्रापाशी खूप वेळ होती. पत्र्याचा हिरवा आणि पानांचा हिरवा असे दोन वेगवेगळे हिरवे त्याने कसे ठेवले, ते ती मला दाखवत होती. मला आधी दिसले नाही. तिने "पत्र्याला पिवळा कमी आहे" म्हटले आणि मग दिसले. शेजारी जलनाट्यगृह आहे. तेही मोडले गेले होते. आता त्या जागी २०१५ मध्ये नव्या रचनेची बाग झाली आहे, सोनेरी काचगोळ्यांच्या शिल्पांसकट.

मग चक्रव्यूह. दाराशी दोन पुतळे आहेत, एका बाजूला कुबडा इसाप आणि दुसऱ्या बाजूला कामदेव. आत वळणावळणाच्या वाटांवर ३९ कारंजी होती, प्रत्येकावर इसापाची एक गोष्ट. कोल्हा, करकोचा, कोंबडा, माकड असे शिशाचे रंगवलेले प्राणी, आणि त्यांच्या तोंडातून पाणी. जणू प्राणी एकमेकांशी बोलताहेत आणि त्यांचे बोलणे म्हणजेच पाणी. ही कल्पना शार्ल पेरोची. सिंड्रेलाची गोष्ट ज्याने लिहिली, तोच. मला आमच्या वडिलांची पिवळ्या पानांची इसापनीती आठवली. ताई मला रात्री तीच वाचून दाखवायची. त्याच काळात फ्रान्समध्ये ला फोंतेन प्राण्यांच्या गोष्टी पद्यात लिहीत होता, आणि १६७८ च्या संग्रहात त्याने भारतीय ऋषी पिल्पे याचे ऋण मानले आहे. पिल्पे म्हणजे पंचतंत्राबरोबर फिरत फिरत युरोपात पोचलेले नाव. आपल्याकडच्या गोष्टी इतक्या लांब येऊन राजाच्या बागेच्या आसपास वावरत होत्या, हे कळले आणि मला एकदम घरचे कुणीतरी भेटल्यासारखे झाले. हा चक्रव्यूह १७७५ च्या आसपास पाडून टाकला. चित्र उरले.

आता पाण्याचे. खरे तर याच्यासाठीच मला हा लेख लिहायचा होता.

चित्रांमध्ये सगळीकडे सगळी कारंजी एकाच वेळी, पूर्ण उंचीने उडताहेत. व्हर्सायमध्ये असे सहसा घडत नव्हते. गाव उंचवट्यावर, मोठी नदी जवळ नाही. सुरुवातीला क्लान्यीच्या तळ्यातून पंपाने पाणी चढवायचे, ते पुरेना. मग आसपासची तळी चरांनी जोडली. मोठा कालवा बागेच्या सर्वात खालच्या भागात आहे. वरच्या कारंज्यांचे वापरलेले पाणी उतरत उतरत त्यात जमायचे, आणि पवनचक्क्या नि घोड्यांच्या रहाटांनी तेच परत वर चढवायचे. म्हणजे लेकीच्या भिंतीवरचा तो सुंदर निश्चल पट्टा बागेची संपटाकी, म्हणजे पाणी वर चढवण्याआधी जमवायची खालची टाकी, होता. हे समजले तेव्हा मी गॅलरीतच ताईचा हात धरला. रोज चहा पिताना माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मला ओळखू आले नव्हते!

एवढे करूनही पाणी पुरत नव्हते. म्हणून राजा फिरायला निघाला की पुढची माणसे शिट्टी वाजवून मागच्यांना इशारा द्यायची. मग त्या कारंज्याची चावी उघडायची, राजा पुढे गेला की बंद, आणि पुढची उघडायची. आमच्याकडे प्रत्येक भागाला व्हॉल्व्हमन असतो. पहाटे चारला कोणत्या गल्लीला पाणी सोडायचे आणि किती वाजता तोडायचे हे त्याच्या अंगात भिनलेले असते. चौदाव्या लुईच्या बागेत असेच पाळीचे पाणी होते. फरक इतकाच की पाळी लावायची ती एका माणसाच्या चालण्यावर. राजाने बाग कोणत्या क्रमाने दाखवावी याची टिपणे स्वतः लिहून ठेवली होती. लोक त्यांना बागप्रेमीची टिपणे म्हणतात. मला ती पाणीवाटपाचे वेळापत्रक म्हणूनही वाचता आली.

मग आले मार्लीचे यंत्र. सेन नदीवर १६८४ मध्ये चालू झाले. लीएजकडचे दोघे, आर्नोल्ड द व्हील आणि सुतारकामातला रेनकँ स्वालेम, यांचे काम. नदीच्या प्रवाहावर फिरणारी १४ चाके, दोनशेहून जास्त पंप, आणि पाणी टप्प्याटप्प्याने टेकडीवर दीडशे मीटरहून जास्त उंच चढवायचे. वीज नाही, वाफ नाही, नुसते लाकूड, लोखंड आणि चामड्याचे वायसर. त्याचा आवाज लांबपर्यंत जायचा आणि दुरुस्तीला माणसांचा तांडा सतत लागायचा. पंपघराजवळ ज्याने एक पावसाळा काढला आहे, त्याला यातले कष्ट सांगावे लागणार नाहीत. बिडाच्या नळ्यांचा धडा तर आम्हाला प्रशिक्षणात होता. १६६० च्या दशकात व्हर्सायला टाकलेल्या बिडाच्या नळ्या तीनशे वर्षे टिकल्या, असे तेव्हा पाठ केले होते. ज्या जमिनीखालच्या नळ्या मी वहीत लिहिल्या, त्या जमिनीवर मी उभी होते.

आणि शेवटचा प्रयत्न फार वाईट झाला. अर नदीचे पाणी दुरून आणायचे ठरले. १६८५ मध्ये काम निघाले, सुमारे ३० हजार सैनिक मातीकामाला लावले. मँतनों इथे दरीवरून नहर न्यायला कमानी बांधायला घेतल्या. दलदलीतल्या तापाने माणसे फार मेली. १६८८ मध्ये युद्ध पेटले, सैन्य तिकडे गेले आणि काम तिथेच थांबले. त्या अर्ध्या कमानी अजून उभ्या आहेत. कोतेलची ही चित्रे याच सुमाराची आहेत. तिकडे पाणी आणायची मोठी योजना बुडत होती आणि इकडे चित्रकार कॅनव्हासवर एक एक फवारा पूर्ण उंचीने उडवत होता. मला यात कोतेलचा खोटेपणा दिसला नाही. त्याने बागेला तिचे पाणी दिले. पण एन्सेलादच्या चित्रासमोर मला त्या सैनिकांचीच आठवण झाली. दगडांच्या राशीखाली गाडलेला राक्षस, फक्त डोके आणि हात वर, आणि तोंडातून आभाळात गेलेला पाण्याचा सोट. बागेत या कारंज्याचे पाणी २५ मीटर उडते. चित्रातही ते झाडांच्या वर जाते. मी तिथून पटकन हलू शकले नाही.

याच खोलीत ४ जून १९२० रोजी हंगेरीबरोबरचा त्रियानाँचा तह झाला आणि त्या देशाचा दोनतृतीयांश मुलूख गेला. आमच्यासोबत खोलीत एक हंगेरियन कुटुंब होते. त्यांनी चित्रांकडे पाहिलेच नाही, मधोमध गप्प उभे राहिले आणि गेले. आम्ही बाजूला झालो.

आता ताईच्या प्रश्नाचे उत्तर. ते गॅलरीत अर्धे मिळाले आणि बागेत पूर्ण झाले. त्रियानाँहून आम्ही कालव्याकडे चालत गेलो. कालवा क्रूसाच्या आकाराचा आहे, आणि त्याचा एक आडवा हात त्रियानाँच्या दिशेने येतो. राजा कधी कधी नावेतून इथवर यायचा. मुख्य लांबी दीड किलोमीटरहून जास्त, रुंदी ६२ मीटर. १६६८ मध्ये खोदायला घेतला आणि ११ वर्षे काम चालले. ताई अपोलोच्या कुंडाशी उभी राहिली, हात लांब करून पेन्सिल धरली आणि एक डोळा मिटून मापे घेऊ लागली. शाळेत ती मुलींना असेच शिकवायची. मग म्हणाली, "हा माळी चित्रकार होता गं." आंद्रे ल नोत्र हा या बागेचा कर्ता. त्याने लांबची कुंडे मुद्दाम मोठी ठेवली आहेत. राजवाड्याजवळचे लातोनाचे कुंड लहान, खालचे अपोलोचे त्याहून मोठे, आणि त्यापुढे कालवा. लांबची वस्तू लहान दिसते, हा डोळ्याचा नियम. ल नोत्रने तो आधीच हिशेबात धरला. म्हणून गच्चीवरून सगळे जवळ आणि सारखे वाटते, आणि चालायला लागले की संपता संपत नाही. मार्तँच्या चित्रात नजर लांब जाते, कारण जमिनीवरच आधी कुणीतरी ती रेघ आखून ठेवली होती.

ताईने आणखी एक गोष्ट दाखवली. अपोलोचा रथ, त्युबीने घडवलेला, शिशावर सोन्याचा मुलामा, पाण्यातून उसळून वर येतो आहे. पण त्याचे तोंड राजवाड्याकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. सूर्य रोज त्याच्या पाठीमागे, कालव्याच्या टोकाला मावळतो. सूर्यदेव उलटा चालला आहे, राजाकडे. आम्ही तिथे होतो तेव्हा ऊन कलत होते आणि घोड्यांच्या पाठी मागून उजळल्या होत्या.

खाण्याबद्दल. बागेत डबा उघडायला परवानगी नाही, बाहेर पार्कमध्ये आहे. लेकीने मेथीचे पराठे आणि दह्याची बाटली आणली होती. ती आम्ही पार्कमधल्या झाडाखाली संपवली. कालव्याच्या तोंडाशी खाण्याच्या जागा आहेत, सायकली मिळतात आणि नावाही. त्या भागाला छोटे व्हेनिस म्हणतात. १६७४ मध्ये व्हेनिसने राजाला दोन गोंडोला पाठवल्या, त्यांच्याबरोबर नावाडी आले, आणि त्यांना राहायला इथे घरे दिली. मार्तँच्या चित्रातल्या नौकांचे गाव ते हेच. कारंजी पाहायची असतील तर एप्रिल ते ऑक्टोबर, कारंजी सोडण्याच्या ठरलेल्या दिवशी जा. त्या दिवशी बागेलाही तिकीट पडते. ठरावीक वेळाच पाणी सोडतात, तेव्हा वेळापत्रक हातात ठेवा. आजही ते पाळीनेच.

आम्ही वल्ह्याची नाव घेतली. लेक वल्ही मारणार, आम्ही दोघी समोरासमोर. ताई कृष्णेच्या काठी वाढली, पण नावेत बसायला आधी घाबरली. पाण्याचा पहिला हिसका बसला की गप्प झाली. पाच मिनिटांनी तिने चप्पल काढून पाय मोकळे केले. कालव्याचे पाणी हिरवट, गढूळ, काठाला मासे. वास येत नाही. शांतता इतकी की काठावरच्या सायकलची साखळी ऐकू येते. वर्षानुवर्षे मला वाहत्या पाण्याची सवय. उगम, उतार, दाब, पोच. इथे मी पाण्यावर एक सुकलेले पान टाकले आणि घड्याळ बघितले. नाव थांबवून ठेवली होती. दोन मिनिटे पान जिथल्या तिथे. उतार नाही. सगळी बाग याच्यात रिकामी होते, आणि हे हलत नाही.

ताईने पिशवीतून लहान वही काढली. "वल्ही थांबव जरा," ती लेकीला म्हणाली, आणि तिने पानावर एक आडवी रेघ ओढली, अगदी खालच्या बाजूला. "मार्तँ एवढ्या खाली बसला नव्हता. तो वर होता, म्हणून त्याला शेवट दिसला. इथून बघ, पाणी सगळं डोळ्यांपाशीच संपतं." खरेच होते. नावेतून कालव्याचे दुसरे टोक दिसत नव्हते. दिसत होती ती पाण्याची चकाकी आणि तिच्यावर झाडांची काळी कड. मग तिने मागे वळून राजवाड्याकडे पाहिले. तो आता टेकडीवर एवढासा दिसत होता. तिने दुसरे पान उलटले.

काठावरून नाववाल्या मुलाने हात वर करून वेळ संपत आल्याची खूण केली. लेकीने नाव वळवली. ताई म्हणाली, "अजून दोन रेघा राहिल्यात," आणि लेकीने काठ येईपर्यंत वल्ही हळूच मारली.